चोडणच्या पाटीवरचे नाव : डॉ. सलीम अली

रायबंदरच्या धक्क्यावरून पहाटेची फेरीबोट धरायची, मांडवी ओलांडून चोडणला उतरायचे आणि खारफुटीच्या सावलीतल्या वाटेने चालू लागायचे. आपल्यापैकी अनेकांनी हिवाळ्यात ही फेरी केली आहे. ओहोटी असली तर उघड्या चिखलावर तुतवार पळताना दिसतात, फांदीवर खंड्या टपून बसलेला असतो. मुलांच्या हाती दुर्बीण असते, मोठ्यांच्या गळ्यात कॅमेरा. या 1.78 चौरस किलोमीटरच्या अभयारण्याला 1988 साली ज्यांचे नाव मिळाले, ते डॉ. सलीम अली आदल्याच वर्षी वारले होते. पाटीवरचे नाव आपण वाचतो. पुढच्या फेरीआधी मुलांना त्या नावामागचा माणूसही सांगता यावा, म्हणून हा लेख.

सलीम अलींचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. खेतवाडीत राहणारे मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या पोरक्या भाच्यांना वाढवले. मामांना शिकारीचा नाद होता, त्यामुळे भाच्याच्या हाती लहानपणीच छर्‍यांची बंदूक आली. एकदा त्याने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. नेहमीच्या चिमणीला तो नसतो. मामांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवले. त्यांनी चिमणीची जात तर सांगितलीच, शिवाय संस्थेतली भुसा भरलेल्या पक्ष्यांची कपाटेही उघडून दाखवली. त्या दिवशी लागलेली गोडी पुढे जन्मभर सुटली नाही.

पोट मात्र या गोडीवर भरणारे नव्हते. घरच्या लाकूड आणि खनिजाच्या व्यवसायासाठी ते ब्रह्मदेशात तव्हॉयला गेले. तिथे हिशेबापेक्षा रानातच अधिक रमले आणि पुढे धंदाही बुडाला. 1918 साली तेहमिना यांच्याशी लग्न झाले. 1926 मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये लोकांना प्राणी-पक्ष्यांची माहिती सांगण्याची नोकरी मिळाली. पण आपले शिक्षण अपुरे आहे हे त्यांना जाणवत होते. विद्यापीठाची पदवी त्यांनी घेतलेलीच नव्हती. नावामागचे ‘डॉक्टर’ पुढे मानद पदव्यांमुळे आले. रजा काढून ते बर्लिनला गेले आणि एर्विन स्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिकले. मेलेल्या पक्ष्याची कातडी मोजण्याइतकेच जिवंत पक्षी कसा वागतो हे पाहणे महत्त्वाचे, ही दृष्टी त्यांना तिथे मिळाली.

1930 मध्ये परत आले तेव्हा पैशांच्या तंगीमुळे त्यांची जागाच रद्द झाली होती. चौतिशी जवळ आलेली, हाताला काम नाही. नवरा-बायको अलिबागजवळच्या किहीमला कुटुंबाच्या घरात राहायला गेले. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. सलीम अली रोज आडोशाला बसून तासन्‌तास ती घरटी पाहत आणि वहीत टिपून ठेवत. घरटे नर विणतो. ते अर्धे झाले की माद्या येऊन पाहून जातात. एखादीने पसंत केले की जोडी जमते, नर घरटे पुरे करतो आणि लगेच दुसर्‍या मादीसाठी दुसरे विणायला घेतो. आपल्या कवितांत आणि गोष्टींत सुगरण कायम बाईच राहिली. विणकर नर आहे, आणि तो एकामागून एक संसार थाटतो, हे किहीमच्या या बेकार माणसाने सविस्तर नोंदवले. त्यांचे नाव झाले ते या कामामुळे.

त्यानंतर त्यांनी संस्थानांपुढे एक प्रस्ताव ठेवला. तुमच्या मुलखातल्या पक्ष्यांची पाहणी मी पगार न घेता करतो, तळाचा आणि प्रवासाचा खर्च तेवढा द्या. हैदराबाद संस्थानापासून सुरुवात झाली. आजचा मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. पुढे त्रावणकोर, मध्य भारतातली ग्वाल्हेर-इंदूरकडची संस्थाने, म्हैसूर आणि बडोद्याच्या साहाय्याने गुजरात. हैदराबाद, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे ही आपल्या मंडळींची जुनी ठिकाणे. त्यांच्या आसपासची राने या माणसाने पहाटे उठून पायी पालथी घातली आहेत.

या भटकंतीत तेहमिना सोबत असत. तंबूतला संसार, पत्रव्यवहार, लेखांच्या भाषेवरचा हात, सगळे त्या सांभाळत. 1939 साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्या अचानक गेल्या. सलीम अलींनी पुन्हा लग्न केले नाही. बहीण कम्मू आणि मेहुणे हसन अली यांच्या घरी राहून ते कामात बुडून गेले. 1941 मध्ये ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ निघाले आणि चित्र पाहून पक्षी ओळखणे सामान्य वाचकाच्या हाती आले. डिलन रिप्ले यांच्याबरोबर केलेला दहा खंडांचा ग्रंथ 1974 पर्यंत पुरा झाला, तेव्हा ते 77 वर्षांचे होते. मोटारसायकलचे वेड असे की 1950 मध्ये स्वीडनमधल्या पक्षिपरिषदेला जाताना आपली सनबीम गाडीही युरोपात नेली होती. गोव्याच्या पक्ष्यांवर त्यांनी रॉबर्ट ग्रब यांच्यासह लिहिलेला अभ्यास 1976 साली सोसायटीच्या नियतकालिकात आला.

छायाचित्रणाचा छंद असणार्‍यांनी त्यांचे मित्र लोक वान थो यांचे नाव लक्षात ठेवावे. सिंगापूरचे हे धनिक नामांकित पक्षी-छायाचित्रकार होते. सलीम अलींबरोबर ते हिंडले आणि त्यांच्या कामाला पैशाचे बळही दिले. घरट्यावरचा पक्षी टिपायचा तर आधी त्याला आपली सवय होऊ द्यावी लागते, हे दोघांनाही ठाऊक होते.

भरतपूरची गोष्ट मात्र नीट सांगायला हवी. तिथल्या केवलादेवच्या पाणथळीत संस्थानी काळात बदकांची शिकार चाले. 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेळाव्यात एका दिवसात 4,273 पक्षी पडले. तो आकडा तिथे दगडावर कोरलेला आहे. सलीम अलींचा त्या दिवशी बेचाळिसावा वाढदिवस होता. स्वातंत्र्यानंतर ही जागा शेतीसाठी जाण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी पंडित नेहरूंपर्यंत जाऊन ती वाचवली. हजारो पक्ष्यांच्या पायात कडी घालून स्थलांतराचा माग काढण्याचे कामही तिथे झाले.

पुढे हे राष्ट्रीय उद्यान झाले आणि 1982 मध्ये आत गुरे चारायला बंदी आली. म्हशी पाणथळीचे नुकसान करतात असे जाणकारांना वाटे. सलीम अलीही बंदीच्या बाजूचे होते. गावकर्‍यांनी विरोध केला, पोलिसांच्या गोळीबारात माणसे गेली. त्यांच्याच सोसायटीने तिथे दहा वर्षे अभ्यास केला. तो सलीम अलींच्या मृत्यूनंतर पुरा झाला आणि निष्कर्ष उलटा निघाला. म्हशी थांबल्यावर पाण्यात गवत माजले आणि उघड्या पाण्यावरच्या पक्ष्यांची जागा आटली. गेलेली माणसे परत येणार नव्हती. पण रोज पाहून लिहिण्याची जी शिस्त सलीम अलींनी संस्थेत रुजवली, तिनेच त्यांचे स्वतःचे मत चुकीचे ठरवले. चांगल्या नोंदवहीपुढे मोठ्या माणसाचे मतही टिकत नाही. त्यांच्या थोरवीला यामुळे उणेपणा येतो असे आम्हाला वाटत नाही.

1976 मध्ये पद्मविभूषण आणि गेटी पुरस्कार मिळाला. पुरस्काराची रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीकडे वळवली. 1985 मध्ये राज्यसभेवर नेमणूक झाली. 20 जून 1987 रोजी, नव्वदी ओलांडल्यावर, मुंबईत त्यांचे निधन झाले.

पुढच्या वेळी चोडणला जाताना कॅमेर्‍याबरोबर एक साधी वहीही घ्या. तारीख, वेळ, भरती की ओहोटी, कोणता पक्षी, किती आणि काय करत होता, एवढे मुलांकडून लिहून घ्या. नाव कळले नाही तर रंग आणि चोच लिहा. पक्ष्याला बाहेर काढण्यासाठी मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नका, घरट्याजवळ जाऊ नका. थोडे थांबले की तो आपणहून समोर येतो. घरी आल्यावर ती वही जपून ठेवा. दहा वर्षांनी चोडणची खारफुटी कशी बदलली, हे सांगायला ती कामी येईल.