हुजूरपागा ते कोसबाद : अनुताई वाघ



शिक्षक दिनाच्या आदल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर आपल्या धर्मग्रामातील शिक्षक-शिक्षिकांसाठी सभागृहात चहापाणी ठेवले होते. पौड, पिरंगुट, हिंजवडी अशा ठिकाणच्या शाळांत शिकवणारी ही मंडळी. कोणी जिल्हा परिषदेच्या शाळेत, कोणी खासगी अनुदानित शाळेत, कोणी इंग्रजी माध्यमात. गप्पा मुलांवरून सुरू झाल्या आणि मुख्याध्यापकाच्या खुर्चीपाशी येऊन अडल्या. वीस-बावीस वर्षे फळ्यापुढे काढलेल्यांची आता त्या खुर्चीवर बसायची पाळी आली आहे, आणि बहुतेकांना ती नको आहे. पोषण आहाराचा हिशेब, यू-डायसची माहिती, संस्थाचालकांचे फोन, पालकांची भांडणे. शिकवणे मागे पडते, अशी सर्वांची तक्रार. द्विशिक्षकी शाळेत तर विचारायलाच नको. जो ज्येष्ठ, त्याच्या गळ्यात प्रभारी मुख्याध्यापकपद आपोआप पडते.

त्यात १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. बढती हवी असेल तर शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण हवे, असे त्यात ठरले. आपल्यासारख्या अल्पसंख्याकांच्या शाळांना हा नियम लागू करावा की नाही, हा प्रश्न न्यायालयाने मोठ्या खंडपीठाकडे पाठवला. पण इतर शाळांतल्या आपल्या शिक्षकांना पंचेचाळिशीत पुन्हा परीक्षेला बसणे आले. एका भगिनीला हे सांगताना रडू कोसळले. इतकी वर्षे शिकवले, आता आम्हीच विद्यार्थी व्हायचे का, असा तिचा सल होता. तिला त्या वेळी आम्ही नीट उत्तर देऊ शकलो नाही.

आमचीही एक गोष्ट येथे कबूल करतो. सेमिनरीतून तत्त्वज्ञानाची पदवी घेऊन बाहेर पडल्यावर काही वर्षांतच आमच्यावर एका शाळेच्या व्यवस्थापनाची जबाबदारी आली. कांट आणि अ‍ॅक्विनास आम्हाला ठाऊक होते. चौथीच्या वर्गात पावसाळ्यात दुपारी तीन वाजता काय होते, हे ठाऊक नव्हते. जुन्या शिक्षकांनी सांभाळून घेतले म्हणून निभावले. तेव्हापासून आम्हाला वाटत आले आहे, की शाळा चालवणे हे शिकावे लागते, आणि ते खुर्चीत बसण्याच्या आधी शिकलेले बरे.

त्या दिवशी रात्री अनुताई वाघ यांची आठवण झाली. २७ सप्टेंबर हा त्यांचा स्मृतिदिन. त्या ख्रिस्ती नव्हत्या आणि त्यांचे नाव आपल्या पत्रकात यापूर्वी आल्याचे आठवत नाही. पण त्या आपल्याच पुणे जिल्ह्याच्या लेक.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० चा, मोरगावचा. अष्टविनायकातले मोरगाव तेच. त्या काळाच्या रीतीप्रमाणे तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांत त्या विधवा झाल्या. अशा मुलीच्या वाट्याला तेव्हा स्वयंपाकघराचा कोपरा यायचा. अनुताईंनी पुस्तक सोडले नाही. १९२५ मध्ये त्या व्हर्नाक्युलर फायनल झाल्या. पुढे पुण्याच्या विमेन्स ट्रेनिंग कॉलेजात अध्यापनाचे शिक्षण घेऊन १९२९ मध्ये बाहेर पडल्या. पहिली नोकरी नाशिक जिल्ह्यात, चांदवड तालुक्यातल्या खेड्यात. विशीतली विधवा शिक्षिका परक्या गावात एकटी राहते म्हणजे काय, हे आपल्यातल्या वडीलधाऱ्या भगिनींना समजावून सांगायला नको.

१९३३ मध्ये त्या पुण्याला हुजूरपागेत आल्या. लक्ष्मी रोडला खरेदीला गेल्यावर ही शाळा आपण पाहतोच. १८८४ मध्ये मुलींसाठी सुरू झालेली, महाराष्ट्रातल्या फार जुन्या आणि नावाजलेल्या शाळांपैकी एक. तेथे नोकरी म्हणजे मान, ठरलेला पगार, शहराची सोय. अनुताई दिवसा मुलींना शिकवीत आणि संध्याकाळी स्वतः रात्रशाळेत जाऊन बसत. मराठी शाळेतून आल्यामुळे इंग्रजी कच्चे राहिले होते. ते भरून काढून त्या नोकरी करता करता मॅट्रिक झाल्या. दिवसा बाई आणि रात्री विद्यार्थिनी, असे त्यांचे चालले होते. यात त्यांना कमीपणा वाटल्याचे दिसत नाही.

असे सुमारे बारा वर्षे गेले. त्या पस्तिशीच्या झाल्या. आता ज्येष्ठता वाढत जाणार, वरची जागा मिळणार, सन्मानाने निवृत्त होणार, हा सरळ रस्ता समोर होता. १९४५ मध्ये त्यांनी तो सोडला.

झाले असे. कस्तुरबा गांधी १९४४ च्या फेब्रुवारीत स्थानबद्धतेत असताना पुण्यातच, आगाखान पॅलेसमध्ये निवर्तल्या. त्यांच्या नावाने खेड्यातल्या स्त्रिया व मुले यांच्यासाठी निधी उभा राहिला आणि कार्यकर्त्या तयार करण्यासाठी बोरिवलीला शिबिर भरले. त्या शिबिरात अनुताईंची ताराबाई मोडक यांच्याशी गाठ पडली. ताराबाई तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या होत्या.

ताराबाईंचीही हकीकत अशीच आहे, म्हणून थोडी सांगतो. १९२१ मध्ये त्या राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या होत्या. त्या काळी एका हिंदी स्त्रीला असे पद म्हणजे फार मोठी गोष्ट. दोनेक वर्षांत त्यांनी ते सोडले आणि भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात कामाला गेल्या. गिजुभाई वकिली सोडून लहान मुलांकडे वळलेले. इटलीच्या मारिया माँटेसरी यांची पद्धत तेथे हाताळून पाहिली जात होती. (माँटेसरीबाई कॅथलिक घरातल्या, हे जाता जाता सांगण्याचा मोह आवरत नाही.) थोडक्यात, प्राचार्यबाई तीन-चार वर्षांच्या मुलांबरोबर जमिनीवर बसून पुन्हा पहिल्यापासून शिकू लागल्या. अशा बाईंच्या हाताखाली जायचे अनुताईंनी ठरवले.

दोघी बोर्डीला आल्या. बोर्डी हे डहाणू तालुक्यातले समुद्रकाठचे गाव. तेव्हा ठाणे जिल्ह्यात, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात. तेथे आचार्य भिसे आधीपासून शिक्षणाचे काम करीत होते. त्याच १९४५ साली जवळच्या तलासरी-उंबरगाव भागात वारली लोक वेठबिगारीविरुद्ध गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्याबरोबर उभे राहिले होते. मुलूख असा पेटलेला. आणि या दोघींनी तेथे काय काढले, तर बालवाडी.

अनुताईंचे खरे प्रशिक्षण येथे झाले, असे आमचे मत आहे. हुजूरपागेत मुली न्हाऊनमाखून, वेणीफणी करून शाळेत येतात. घंटा होते, बाई वर्गात जातात. बोर्डीत बालवाडी उघडली तरी ज्यांच्यासाठी ती उघडली ती मुले येईनात. दलित आणि आदिवासी वस्तीतली मुले गावातल्या मुलांशेजारी येऊन बसायला धजत नव्हती. आईबाप पहाटेच मजुरीला गेलेले. बारा वर्षांच्या अनुभवात याला उत्तर नव्हते. मग बालवाडीच वस्तीवर न्यायची ठरली. मुलांच्या घरासमोरच्या अंगणात. आधी अंगण झाडायचे, मुलांना आंघोळ घालायची, नखे काढायची, मग गाणे आणि गोष्ट. नावाजलेल्या शाळेतली अनुभवी शिक्षिका हातात झाडू घेऊन उभी राहिली. अंगणातली म्हणून ती अंगणवाडी. १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि हा शब्द देशभर पोहोचला. आज आपल्या प्रत्येक वाडीवर अंगणवाडी आहे. तिच्या नावामागे बोर्डीची ती अंगणे आहेत, हे अंगणवाडीताईंनाही क्वचितच ठाऊक असते.

साहित्याचेही तसेच. माँटेसरी पद्धतीची साधने लाकडाची, मापात घडवलेली आणि महाग. खेड्यात ती कोण घेणार? यांनी शिंपले, गोटे, बिया, पाने, मातीची बोळकी घेतली. मोजायला, रंग ओळखायला, लहानमोठे लावायला तेवढे पुरते. हे ऐकायला सोपे वाटते. पण कोणत्या साधनाने मुलाच्या बोटांना आणि डोळ्यांना काय शिकवायचे, हे पक्के कळल्याशिवाय शिंपला हा नुसता शिंपलाच राहतो.

१९५७ मध्ये काम कोसबादच्या टेकडीवर हलले. आता सगळी वस्ती वारल्यांची. येथे नवा पेच. थोरल्या मुली शाळेत यायच्या नाहीत, कारण कडेवर धाकटे भावंड. मुलगे यायचे नाहीत, कारण गुरे राखायची. शाळेच्या हजेरीपटावर अशा मुलांपुढे नुसते गैरहजर असे लिहिले जाते. या दोघींनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली. तान्हे पाळणाघरात, मधले बालवाडीत, थोरली वर्गात. तिला विकासवाडी म्हणत. गुराखी मुलांसाठी शिक्षक गुरांमागे कुरणात गेले, ती कुरणशाळा. आपल्याकडे मुळशीत पावसाळा संपला की कातकरी वस्तीवरची कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघतात आणि शाळेचा पट अर्धा होतो. हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना कुरणशाळा कशासाठी निघाली ते लगेच कळेल.

या सगळ्या काळात अनुताई प्रमुख नव्हत्या, हे ध्यानात घ्यावे. नाव ताराबाईंचे, दिशा ताराबाईंची. १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले तेही ताराबाईंना, आणि ते योग्यच होते. अनुताई बालवाडी चालवीत, नव्या शिक्षिकांना तयार करीत, वस्त्यांवर फिरत, हिशेब पाहत. अठ्ठावीस वर्षे त्या दुसऱ्या जागेवर राहिल्या. आमच्या मते हीच गोष्ट सर्वांत अवघड. हुशार माणसाला दुसऱ्या जागेवर पाच वर्षे काढणेही जड जाते. धर्मगुरूंनाही जाते, सहायक म्हणून काम केलेले सगळे हे जाणतात. पण शाळा आतून कशी चालते, हे याच जागेवरून दिसते. कोणती शिक्षिका कशाने खचते, पैसे कुठे संपतात, कोणत्या घरी कोणत्या वेळी गेले तर बाप भेटतो, हे प्रमुखाच्या खोलीत कळत नाही.

आणि मध्येच, १९६१ साली, त्यांनी पदवी घेतली. एस.एन.डी.टी. विद्यापीठाची. वय एक्कावन्न, डोळे अधू झालेले. त्या पदवीने त्यांची जागा बदलणार नव्हती, टेकडीवर त्यासाठी कोणी अडून बसले नव्हते. रात्रशाळेत सुरू केलेला अभ्यास पुरा करायचा होता, तो केला. सभागृहात ज्या भगिनीला उत्तर देता आले नाही, तिला आम्ही हे १९६१ साल सांगणार आहोत. अर्थात दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत. अनुताई आपखुशीने परीक्षेला बसल्या. हिच्यावर नोकरीच्या मध्यावर नियम आला आहे, आणि तिचे दुःख खोटे नाही.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई गेल्या. संस्थेची धुरा अनुताईंकडे आली. त्या तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या, म्हणजे ज्या वयात आपले शिक्षक निवृत्तिवेतन घेऊन नातवंडे खेळवतात त्या वयात मुख्य झाल्या. आदल्याच वर्षी त्यांना आदर्श शिक्षकाचा पुरस्कार मिळाला होता. एका थोर व्यक्तीमागून आलेली माणसे बहुधा दोहोंपैकी एक करतात : तिचा पुतळा करून पूजा करीत बसतात, नाहीतर तिचे सगळे मोडून आपले नवे मांडतात. अनुताईंनी बालवाडी आणि प्रशिक्षणाचे काम तसेच चालू ठेवले आणि त्याला नवी कामे जोडली. डहाणूच्या भागात मूकबधिर मुलांसाठी शाळा काढली. स्त्रियांच्या प्रश्नांकडे वळल्या. बालशिक्षणावर लिहीत राहिल्या. १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा त्या पंचाहत्तरीच्या होत्या आणि काम चालूच होते. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. कोसबादची संस्था त्यांच्यानंतरही राहिली.

अलीकडे शासनाच्या कागदांत शालेय नेतृत्व हा शब्द वारंवार येतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकांना आणि मुख्याध्यापकांना दरवर्षी किमान ५० तासांचे प्रशिक्षण मिळावे, असे म्हटले आहे. चांगलेच आहे. फक्त ते तास सभागृहात पंख्याखाली पडद्यावरची चित्रे पाहण्यात जाऊ नयेत. आपल्या तालुक्यातल्या एखाद्या धरणाकाठच्या वाडीत, मुले का येत नाहीत हे शोधण्यात त्यांतले दहा तास गेले तरी पुष्कळ.

अनुताईंनी आपली हकीकत ‘कोसबादच्या टेकडीवरून’ या पुस्तकात लिहिली आहे. त्याची एक प्रत आम्ही धर्मग्रामाच्या वाचनालयात ठेवली आहे. ज्यांना हवी त्यांनी वहीत नाव लिहून न्यावी, आणि पंधरा दिवसांत परत करावी, कारण मागे रांग आहे. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर शिक्षकमंडळी पुन्हा सभागृहात जमणार आहेत. परीक्षेला बसणाऱ्यांनी आपापली पुस्तके बरोबर आणावीत. गणित शिकवायला आपल्यातलेच एक निवृत्त मुख्याध्यापक येणार आहेत.