राम गणेश गडकरी : क्षयरोग आणि थकलेल्या पेशी

‘एकच प्याला’ तुम्ही पाहिले किंवा वाचले असेल. फेब्रुवारी १९१९ मध्ये हे नाटक रंगभूमीवर आले, तेव्हा त्याचे लेखक राम गणेश गडकरी हयात नव्हते. २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूर जिल्ह्यातील सावनेर येथे क्षयरोगाने त्यांचे निधन झाले होते. वय अवघे ३३ वर्षे.

गडकरींचा जन्म २६ मे १८८५ चा, नवसारीचा. वडील लवकर गेले, पुण्यातले कॉलेजचे शिक्षण अर्धवट राहिले. किर्लोस्कर नाटक मंडळीत नोकरी करता करता ते नाटककार झाले. कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाने, तर विनोदी लेख ‘बाळकराम’ या नावाने लिहिले. शेवटच्या आजारपणातही लेखन सुरूच होते. ‘भावबंधन’ पूर्ण झाले, ‘राजसंन्यास’ अपुरे राहिले.

शरीरात काय घडते?

रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींमध्ये टी-पेशी महत्त्वाच्या. साध्या फ्लूमध्ये त्यांचे काम एक-दोन आठवड्यांत आटोपते. क्षयाचे जंतू मात्र महिनोन्महिने फुफ्फुसात ठाण मांडतात. सतत लढणाऱ्या टी-पेशींवर ‘पीडी-१’ नावाचा ब्रेक वाढतो आणि त्यांचा मारा मंदावतो. याला पेशींची थकावट म्हणतात. गडकरींच्या काळी हे कुणालाच ठाऊक नव्हते.

गंभीर कोविडच्या रुग्णांमध्येही टी-पेशी घटलेल्या आणि पीडी-१ वाढलेले दिसले. पण नुकत्याच कामाला लागलेल्या पेशींवरही पीडी-१ असते. त्यामुळे तेवढ्यावरून पेशी थकल्या असे म्हणता येत नाही.

हा ब्रेक शत्रूही नव्हे. पीडी-१ नसलेले उंदीर क्षयाने लवकर मरतात, कारण बेलगाम प्रतिकार स्वतःचेच फुफ्फुस जाळतो. म्हणून ‘प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या’ चूर्णांच्या मागे लागू नका. औषधांनी जंतू कमी झाले की ब्रेकही सैल होऊ लागतो.

तुम्ही काय कराल?

क्षयावरचे पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये सापडले. गडकरींना ते मिळणे शक्यच नव्हते, तुम्हाला मात्र सरकारी दवाखान्यात उपचार मोफत आहेत. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, संध्याकाळी ताप येऊ लागला किंवा वजन घटले, तर थुंकी तपासून घ्या. साधारण सहा महिन्यांचा कोर्स मध्येच सोडू नका. सोडल्यास जंतू औषधाला दाद देईनासे होतात. तुम्ही सेमाडोहच्या आसपास, मेळघाटातल्या दुर्गम पाड्यावर राहत असाल, तर नाले भरून रस्ता बंद होण्याआधीच पुढच्या गोळ्या आशाताईंकडून मागून ठेवा. कुपोषणानेही टी-पेशी दुबळ्या होतात, तेव्हा डाळ, अंडी, शेंगदाणे रोजच्या जेवणात असू द्या. निक्षय पोषण योजनेत रुग्णाला उपचार सुरू असेपर्यंत आहारासाठी दरमहा १००० रुपये मिळतात. नाव नोंदवताना बँक खात्याचा तपशील सोबत न्या.