न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे : सरकारी नोकरी, मोठं कुटुंब आणि रात्रीचा अभ्यास



१६ जानेवारी हा न्यायमूर्ती रानडे यांचा स्मृतिदिन. दरवर्षी परिपाठात आपण त्यांची माहिती सांगतो. जन्म १८ जानेवारी १८४२, गाव निफाड, मुंबई विद्यापीठाचे पहिल्या तुकडीतले पदवीधर, समाजसुधारक, अर्थतज्ज्ञ, हायकोर्टाचे न्यायाधीश. त्यात लहानपणची बर्फीची गोष्ट आली आणि मोठेपणची आंब्याच्या फोडीची आली की मुलं टाळ्या वाजवतात नि आपण पुढच्या दिनविशेषाकडे वळतो. या माहितीत चूक काहीच नाही. पण हा माणूस घरात कसा होता, संध्याकाळी कचेरीतून आल्यावर काय करायचा, हे त्यात कुठेच येत नाही. मला तर शिक्षक म्हणून आणि पालक म्हणून तोच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. म्हणून आज त्याबद्दल.

रानड्यांचं घराणंच नोकरीपेशाचं. वडील गोविंदराव निफाडला मामलेदार कचेरीत होते, पुढे कोल्हापूर संस्थानात गेले. महादेवाचं बालपण कोल्हापुरात गेलं. आई लवकर वारली, वडिलांनी दुसरं लग्न केलं, सावत्र भावंडं झाली. मुलगा पुढे शिकायला मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये गेला. १८५९ साली मॅट्रिक, १८६२ साली बी.ए., १८६४ साली एम.ए. आणि १८६६ साली एलएल.बी. वाचन इतकं की ऐन तरुणपणी डोळे अधू झाले. ते दुखणं जन्मभर पुरलं.

मग नोकरी. सुरुवातीला शिक्षण खात्यात मराठी भाषांतरकार, मध्ये थोडे दिवस अक्कलकोट आणि कोल्हापूर संस्थानात, मग एल्फिन्स्टन कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक. (म्हणजे आपल्याच बिरादरीतले!) १८७१ मध्ये पुण्याला न्यायखात्यात आले आणि तिथून शेवटपर्यंत, तीस वर्षं, सरकारी नोकरीच केली.

आता खरी गोष्ट १८७३ सालची. त्यांच्या पहिल्या पत्नी सखूबाई त्या वर्षी वारल्या. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे. विधवांच्या पुनर्विवाहाची चळवळ करणाऱ्या मंडळींत त्यांचं नाव पुढे. साहजिकच लोकांची अपेक्षा अशी, की हे आता स्वतः एखाद्या विधवेशी लग्न करून दाखवतील. वडिलांना नेमकी तीच भीती. त्यांनी घाईघाईनं मुलगी बघितली. देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची मुलगी, वय अकरा, अक्षरओळख नाही. रानड्यांनी परोपरीनं सांगून पाहिलं, मुदत मागितली. वडील ऐकेनात. घर सोडून कोल्हापूरला निघून जाईन इथपर्यंत त्यांनी ताणलं. शेवटी वर्ष सरायच्या आत लग्न झालं. लोकांनी रानड्यांना नावं ठेवली ती ठेवलीच. बोलतात एक आणि करतात एक, हा शिक्का पुढे कधीच पुसला गेला नाही.

आपण मुलांना हा भाग सांगत नाही. सांगायला अवघड आहे खरा. वडिलांचा मान की स्वतःचं तत्त्व, यात रानड्यांनी वडिलांचा मान निवडला. माझं मत विचाराल तर ते चुकलं. ज्या विधवांसाठी ते लेख लिहीत होते, भाषणं करत होते, त्यांना त्या वेळी लेखापेक्षा उदाहरण हवं होतं. पण चरित्र इथे संपत नाही, उलट सुरू होतं.

ती अकरा वर्षांची मुलगी म्हणजे रमाबाई. लग्न होऊन पुण्याच्या घरी आल्या त्याच सुमारास एका रात्री रानड्यांनी त्यांच्यापुढे पाटी-पेन्सिल ठेवली. श्रीगणेशा काढायला शिकवलं. ज्या हातानं कधी पेन्सिल धरली नव्हती, त्याला ती पहिली अक्षरं काढायला किती वेळ लागला असेल हे पहिलीच्या वर्गावर असलेल्या बाईंना विचारा! त्यानंतर रोज रात्री अभ्यास. दिवसभर कोर्टाचं काम, संध्याकाळी सार्वजनिक सभेची माणसं, अर्ज, मसुदे, आणि हे सगळं आटोपलं की दोन तास पाटी. मुळाक्षरं झाली, बाराखडी झाली, वाचन सुरू झालं. पुढे पुण्याच्या मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजातल्या शिक्षिका घरी येऊन शिकवू लागल्या. मग इंग्रजी.

घरात मात्र हे कुणालाच मान्य नव्हतं. ते आजच्यासारखं चौघांचं घर नव्हतं. सावत्र आई, विधवा बहीण दुर्गा, आणखी नात्यातल्या बायका, पोरंबाळं, येणारे-जाणारे. बायकांनी शिकणं म्हणजे घरबुडवेपणा, अशी त्या काळची ठाम समजूत. रमाबाई रात्री मोठ्यानं वाचू लागल्या की सकाळी माजघरात त्याची नक्कल व्हायची, टोमणे बसायचे. परधर्मी बाईंकडून इंग्रजी शिकतात म्हणून अंघोळ केल्याशिवाय घरात कुठे शिवायची सोय नाही. पोरवयाची ती मुलगी. दिवसा बायकांचा राग आणि रात्री पतीचा अभ्यास, अशी दोन्हीकडून ओढ.

यात रानडे काय करत होते, हे बघण्यासारखं आहे. ते घरातल्या बायकांशी भांडले नाहीत. पत्नीलाही उलट उत्तर देऊ नका असंच सांगितलं. बोलणी सोसा, पण अभ्यास सोडू नका, असा त्यांचा मार्ग. आज वाचताना मनात येतंच, की सोसायचं सगळं तिच्याच वाट्याला का? घरात ते कर्ते पुरुष, एकदा ठणकावून सांगितलं असतं तर कदाचित माजघर गप्प झालं असतं. पण त्यांना घर मोडायचं नव्हतं. सावत्र आई, बहीण, भाऊ, सगळ्यांना धरून राहायचं होतं, आणि तसे ते राहिले. संताप त्यांच्या स्वभावात नव्हता. रागावले तर बोलायचे बंद होत. रमाबाईंनी आठवणींत लिहिलंय, की एकदा त्यांचं ऐकलं नाही तेव्हा ते काहीच बोलले नाहीत आणि ते न बोलणंच त्यांना सहन होईना.

नोकरीचा ताप वेगळाच. बदल्यांचं दुःख आपल्या शिक्षकांना काय सांगायचं! १८७८ साली पुण्याहून नाशिक. सार्वजनिक सभेचं त्यांचं काम सरकारला खुपत होतं. १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड झालं, त्यातच पुण्यातले बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा जळाले. सरकारला सगळ्याच शिकलेल्या पुणेकरांचा संशय येऊ लागला आणि रानड्यांना थेट धुळ्याला धाडलं. तिथे त्यांची टपाल फोडून वाचली जायची. बंडवाल्यांच्या नावानं बनावट पत्रंही यायची. अशी पत्रं ते सरळ पोलिसांकडे पाठवून देत. घरी आल्यावर तक्रार नाही, चिडचिड नाही. धुळ्यातही रमाबाईंचा अभ्यास चालूच. राजीनामा देऊन मोकळं व्हावं असं दुसऱ्या कुणाला वाटलं असतं. यांनी नोकरी धरून ठेवली आणि नोकरीत राहून जे करता येईल ते करत राहिले.

पुढे मुंबईला प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट, परत पुणे, आणि मग १८८७ पासून शेतकऱ्यांच्या कायद्याखाली स्पेशल जज्ज. १८७५ साली सुप्याला सावकारांविरुद्ध दंगा झाला होता, त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. पुणे, नगर, सातारा, सोलापूर या चार जिल्ह्यांत फिरून या कायद्याखालचे निवाडे तपासायचे, असं हे काम. वर्षातले कितीतरी दिवस फिरतीवर, मुक्काम तंबूत. रमाबाई बरोबर असत. डोळ्यांमुळे रानड्यांना फार वाचवत नसे, तेव्हा वर्तमानपत्रं, पुस्तकं त्याच वाचून दाखवत. जिला त्यांनी पाटीवर अक्षरं गिरवायला लावली ती आता त्यांना वाचून दाखवत होती.

एक प्रसंग मी दरवर्षी चौथीच्या मुलांना सांगते. १८८६ साली सरकारच्या फायनान्स कमिटीवर रानड्यांची नेमणूक झाली आणि दोघं कलकत्त्याला गेले. तिथे दाराशी बंगाली वर्तमानपत्र आलं. रमाबाईंना वाचता येईना. रानड्यांनाही येत नव्हतं! ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली. त्यांनी बंगालीची प्राथमिक पुस्तकं आणवली आणि स्वतः शिकायला बसले. दाढी करायला न्हावी यायचा. दाढी चालू असताना हातात पुस्तक धरून, अडलेल्या अक्षराचा उच्चार त्या न्हाव्यालाच विचारायचे. रमाबाईंना हे बघून ओशाळल्यासारखं झालं. एवढा मोठा अधिकारी आणि न्हाव्याकडून धडे घेतो! तर त्यांनी दत्तात्रेयाच्या चोवीस गुरूंचा दाखला देऊन हसण्यावारी नेलं. मग जे स्वतः शिकले ते रमाबाईंना शिकवलं. वय तेव्हा चव्वेचाळीस. आपल्याला नवीन अ‍ॅपवर माहिती भरायची म्हटलं तरी कपाळाला आठ्या पडतात, म्हणून हा प्रसंग मुलांपेक्षा मलाच जास्त लागू पडतो.

शिकलेली पत्नी घरात बसवून ठेवायची नाही, हेही त्यांनी पाळलं. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज निघाला. रमाबाई तिथे जाऊ लागल्या. घरातल्या बायकांचा राग आणखी वाढला, पण जाणं थांबलं नाही. पुण्यात मुलींचं हायस्कूल व्हावं म्हणून गव्हर्नरसाहेबांपुढे जे मानपत्र वाचलं गेलं ते इंग्रजीत होतं आणि ते रमाबाईंनी वाचलं. १८८४ साली ते हायस्कूल निघालं. आज आपण त्याला हुजूरपागा म्हणतो.

पंचहौद मिशनमधल्या चहाचं प्रकरण मोठं आहे, त्यात शिरत नाही. त्यात रानड्यांनी शेवटी प्रायश्चित्त घेतलं आणि पुन्हा टीका झेलली. तिथेही त्यांनी माणसांना सोडण्यापेक्षा कमीपणा घेणं पत्करलं. स्वभाव १८७३ चाच. फक्त या वेळी त्याची झळ त्यांना स्वतःला बसली, अकरा वर्षांच्या मुलीला नाही.

१८९३ साली ते मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. कचेरीची कामं सांभाळून मराठ्यांचा इतिहास लिहिला, तो १९०० साली प्रसिद्ध झाला. विद्यापीठात मराठीसारख्या देशी भाषांना परत जागा मिळावी म्हणून शेवटपर्यंत खटपट केली. हृदयविकारानं गाठलं तेव्हा रजा घेतली. १६ जानेवारी १९०१ चा दिवसही नेहमीसारखाच गेला, फिरणं झालं, वाचून घेणं झालं, पत्रांची उत्तरं झाली. रात्री ते गेले. दोन दिवसांनी एकोणसाठ पूर्ण झाले असते.

दोघांना मूल नव्हतं. रमाबाई अडतीस वर्षांच्या होत्या. काही काळ त्या घराबाहेरच पडल्या नाहीत. मग हळूहळू कामाला लागल्या. तुरुंगातल्या बायकांना भेटायला जाऊ लागल्या. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झालं, पहिले वर्ग रानड्यांच्या वाड्यातच भरले. १९१० साली त्यांचं आठवणींचं पुस्तक आलं, आमच्या आयुष्यातील काही आठवणी. रानडे घरात कसे होते ते आपल्याला कळतं ते मुख्यतः या पुस्तकामुळे. पालकांनी जरूर मिळवून वाचावं, भाषा जुनी असली तरी अगदी सोपी आहे. सेवासदनात पुढे प्रौढ बायकांचे वर्ग चालले, नर्सिंगचं शिक्षण सुरू झालं आणि मुलींच्या शाळांना शिक्षिका मिळाव्यात म्हणून ट्रेनिंग कॉलेजही निघालं. तिथून शिकून बाहेर पडलेल्या बाई गावोगावच्या शाळांत पाटी-पेन्सिल घेऊन उभ्या राहिल्या.