कोठडीतले धर्मांतर

घरफोडीच्या गुन्ह्यात १९४६ मध्ये बोस्टनच्या चार्ल्सटाउन तुरुंगात आलेले माल्कम लिटल धर्माला इतके शिव्याशाप देत, की सोबतचे कैदी त्यांना सैतान म्हणत. भावंडांच्या पत्रांतून त्यांना कृष्णवर्णीयांच्या ‘नेशन ऑफ इस्लाम’ पंथाची ओळख झाली. शब्दकोशाची पाने उतरवून काढत त्यांनी भाषा कमावली आणि पंथही स्वीकारला. १९५२ मध्ये सुटल्यावर ‘माल्कम एक्स’ या नावाने ते पंथाचे प्रभावी वक्ते ठरले. मार्च १९६४ मध्ये पंथ सोडून ते हजला गेले. तेथे गोऱ्या यात्रेकरूंसोबत नमाज पढताना, समस्त गोऱ्यांना सैतान ठरवणारी पंथाची शिकवण त्यांच्या मनातून गळून पडली. २१ फेब्रुवारी १९६५ रोजी न्यूयॉर्कमध्ये भरसभेत त्यांची हत्या झाली. वय अवघे ३९. कोठडीत गवसलेली श्रद्धाही अनुभवाच्या कसोटीवर घासून पाहण्याचे धैर्य, हाच त्यांचा वारसा.