मेहली मेहता : वाद्यवृंद उभा करणारा मुंबईकर

झुबिन मेहता हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलं असतं. जगातले मोठमोठे वाद्यवृंद चालवणारा मुंबईचा पारशी कलावंत, एवढं तरी ठाऊक असतंच. पण झुबिन ज्यांच्या घरात आणि ज्यांच्या हाताखाली घडले, त्या त्यांच्या वडिलांबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. मेहली मेहता हे त्यांचं नाव. चार माणसं एकत्र आणून एखादी गोष्ट उभी करणं आणि ती टिकवणं किती अवघड असतं, हे आपल्या सोसायटीतल्या जुन्या मंडळींना वेगळं सांगायला नको. म्हणूनच या स्मरणिकेत त्यांची ओळख करून द्यावीशी वाटली.

मेहलींचा जन्म २५ सप्टेंबर १९०८ रोजी मुंबईत झाला. लहानपणीच व्हायोलिनचं वेड लागलं. त्या काळी पाश्चात्त्य संगीत शिकायचं तर इथे थोडेफार शिक्षक, ग्रामोफोनच्या तबकड्या आणि अधूनमधून येणारे परदेशी कलाकार, एवढाच काय तो आधार. यशा हायफेट्झ या थोर व्हायोलिनवादकाचा त्यांच्यावर मोठा प्रभाव पडला. १९२९ मध्ये लंडनच्या ट्रिनिटी कॉलेज ऑफ म्युझिकची परीक्षा ते उत्तीर्ण झाले आणि व्हायोलिन हाच त्यांचा पेशा झाला. ताजमहाल हॉटेलातही त्यांचा छोटा वादकसंच वाजवत असे.

पण त्यांच्या डोक्यात मोठं काहीतरी घोळत होतं. आपल्याकडे ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटलं की सिनेमाच्या गाण्यांचा रंगमंचीय कार्यक्रम डोळ्यांसमोर येतो. सिंफनी ऑर्केस्ट्रा ही गोष्ट निराळी. साठ-सत्तर, कधी शंभर वादक. व्हायोलिनपासून बासपर्यंतची तंतुवाद्यं, फुंकून वाजवायची लाकडी आणि पितळी वाद्यं, शिवाय तालवाद्यं. या सगळ्यांना एका श्वासात चालवणारा तो कंडक्टर. स्वतः कुठलंही वाद्य न वाजवता तो सगळ्यांकडून वाजवून घेतो.

१९३५ मध्ये मेहलींनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा सुरू केला. पूर्णवेळ पगारी वादक आणायचे कुठून? मग हौशी पारशी मंडळी आली. रोजीरोटीसाठी सिनेमाच्या स्टुडिओत आणि हॉटेलांत वाजवणारे गोव्याचे कसलेले वादक आले. पितळी वाद्यांसाठी नौदलाच्या बँडची मदत झाली. आपापला कामधंदा सांभाळून जमणाऱ्या अशा माणसांकडून बीथोवन, ब्राम्स बसवून घ्यायचे, हे काम सोपं नव्हतं. पहिली दहा वर्षं मेहली या वाद्यवृंदाचे प्रमुख व्हायोलिनवादक होते. पुढे कंडक्टरची जबाबदारीही त्यांनीच घेतली. १९४० मध्ये त्यांनी चार वादकांचा बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेटही काढला. त्याच्या तालमी घरीच चालत. झुबिन आणि धाकटा झरीन ही दोन्ही मुलं ते सूर ऐकतच मोठी झाली.

इतकं नाव झाल्यावर दुसरा कोणी निवांत बसला असता. मेहलींना मात्र आपल्या वादनातली कमतरता सलत होती. १९४५ मध्ये, पदरात दोन लहान मुलं असताना, ते न्यूयॉर्कला इव्हान गॅलेमियन या नामांकित गुरूंकडे शिकायला गेले. इथे पत्नी तेहमीना यांनी घर सांभाळलं. तिकडून परतल्यावर मेहली पुन्हा त्याच जिद्दीने कामाला लागले. १९५२ मध्ये पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून यहुदी मेन्युहिन भारतात आले, तेव्हा मुंबईत त्यांना साथ करायला मेहलींचा वाद्यवृंद होता.

तरीही ज्याला फक्त वाजवूनच जगायचं आहे अशा माणसाला पुरेल एवढं काम मुंबईत नव्हतं. १९५५ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिशीच्या आसपास, त्यांनी आपलं शहर सोडलं. स्वतःच्या शहरात वाद्यवृंदाचा प्रमुख असलेला हा माणूस मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात सर जॉन बार्बिरोली यांच्या हाताखाली वादक म्हणून रुजू झाला. इकडे त्यांनी उभा केलेला वाद्यवृंद पुढे बंद पडला. वीस वर्षांची मेहनत मागे राहिली. १९५९ मध्ये ते अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या कर्टिस स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये गेले. तिथे त्यांची जागा होती दुसऱ्या व्हायोलिनची. मानापमानाचा विचार करत बसले असते, तर गोष्ट इथेच संपली असती.

१९६४ मध्ये ते लॉस एंजेलिसला आले. झुबिन तेव्हा तिथल्या फिलहार्मोनिकचे संगीत दिग्दर्शक होते. मुलाच्या मोठेपणात सुखाने राहायला हरकत नव्हती. पण छप्पन्नाव्या वर्षी मेहलींनी पुन्हा शून्यातून सुरुवात केली. विद्यापीठात शिकवता शिकवता तरुण वादकांसाठी अमेरिकन यूथ सिंफनी काढली. शिकून तयार झालेल्या, पण नोकरी अजून न मिळालेल्या मुलामुलींना मोठ्या वाद्यवृंदात वाजवण्याचा सराव मिळावा, हा त्यामागचा हेतू. ऐकणाऱ्यांना तिकीट नसे. यातून तयार झालेले कित्येक जण पुढे नामवंत वाद्यवृंदांत गेले. १९९८ पर्यंत, म्हणजे नव्वदीला टेकेपर्यंत, मेहली स्वतः या मुलांसमोर उभे राहून कंडक्ट करत होते. १९ ऑक्टोबर २००२ रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्यांचं निधन झालं. वय होतं ९४.

मुंबईतला त्यांचा वाद्यवृंद टिकला नाही, पण नाव टिकलं. १९९५ मध्ये स्थापन झालेलं मेहली मेहता म्युझिक फाउंडेशन मुंबईतल्या मुलांना पाश्चात्त्य संगीत शिकवतं. जे शिक्षण घेण्यासाठी मेहलींना मध्यमवयात समुद्र ओलांडावा लागला, त्याची सुरुवात आता इथल्या मुलांना आपल्याच शहरात करता येते. आपल्या सोसायटीत संध्याकाळी गिटार, तबला, पेटी घेऊन क्लासला निघालेली मुलं दिसतात. त्यांनी हे नाव लक्षात ठेवावं. आणि साठीच्या आसपासच्या मंडळींनी तर नक्कीच ठेवावं, कारण मेहलींचं सर्वांत जास्त टिकलेलं काम त्यांच्या पन्नाशीनंतरचं आहे.