जॉन डाल्टन

पदार्थ अणूंचे बनलेले असतात, हा विचार शास्त्राच्या पायावर उभा करणारा जॉन डाल्टन १७६६ साली इंग्लंडमधील ईगल्सफील्ड या खेड्यात, एका गरीब विणकराच्या घरी जन्मला. वयाच्या बाराव्या वर्षीच तो शाळेत शिकवू लागला.

पुढे डाल्टनला वनस्पतिशास्त्राची गोडी लागली. फुलांचा अभ्यास करताना रंग पाहावे लागत आणि तेथेच त्याची पंचाईत होई. हे फूल निळे की गुलाबी, असे तो गंभीरपणे विचारी. पण लोकांना ती थट्टा वाटे. त्याच्या डोळ्यांत वरून काहीच व्यंग दिसत नसे. रंगांच्या नावांतच काही घोटाळा असावा, अशी त्याने आपली समजूत करून घेतली होती.

१७९२ साली त्याने जिरेनियमचे गुलाबी फूल मेणबत्तीच्या उजेडात पाहिले. दिवसा त्याला आकाशासारखे निळे दिसणारे ते फूल आता तांबडे दिसले! मित्रांना त्यात विशेष फरक दिसेना. एकट्या भावाला मात्र त्याच्यासारखेच दिसले. आपली दृष्टीच इतरांहून वेगळी आहे, हे डाल्टनने ओळखले.

दुसऱ्या एखाद्या शिक्षकाने हे लपविले असते. डाल्टनने ते आपल्या वर्गात समजावून सांगितले. तेव्हा पंचवीस विद्यार्थ्यांपैकी दोघांना त्याच्यासारखेच रंग दिसतात, असे आढळून आले. गुरूने आपली उणीव सांगितली, म्हणूनच शिष्यांची उणीव कळली. १७९४ साली त्याने मँचेस्टर येथील विद्वानांच्या सभेत यावर निबंध वाचला. झाडाचे हिरवे पान व तांबडी लाख आपणांस सारखीच दिसतात, हे सांगताना तो संकोचला नाही.

आपल्या डोळ्यांतील द्रव निळसर असावा, असा त्याचा तर्क होता. मृत्यूनंतर डोळे तपासावेत, असे त्याने सांगून ठेवले. १८४४ साली तो वारला. तपासणीत द्रव स्वच्छ निघाला. तर्क चुकला होता! परंतु जपून ठेवलेल्या त्या डोळ्यांच्या अवशेषांची १९९५ साली पुन्हा परीक्षा झाली आणि रंग ओळखणारा एक घटक त्याच्या डोळ्यांत जन्मतःच नव्हता, हे सिद्ध झाले.

पांगळ्याची कुबडी सर्वांना दिसते. डोळ्यांतील वा कानांतील उणीव दिसत नाही, ती सांगावी लागते. नकाशातील रंग ओळखता येत नसतील किंवा फळ्यावरील अक्षरे नीट दिसत नसतील, तर शिक्षकांस तसे सांगण्यात कमीपणा कसला?