गणितज्ञ गेऑर्ग कँटर

दोन समूहांत मोठा कोणता, हें ठरविण्यासाठीं आपण दोन्ही मोजतों. परंतु वर्गांतील एकेका बाकावर एकेक विद्यार्थी बसला, एकहि बाक रिकामें राहिलें नाहीं व एकहि विद्यार्थी उभा राहिला नाहीं, तर न मोजतांच दोहोंची संख्या समान ठरते. ह्या साध्या युक्तीनें ज्यांनीं अनंताचें माप घेतलें, त्या कँटर यांचें चरित्र आम्ही वाचकांस सादर करीत आहों.

कँटर यांचा जन्म १८४५ सालीं रशियांतील सेंट पीटर्सबर्ग येथें झाला. वडील व्यापारी होते. १८५६ सालीं हें कुटुंब जर्मनींत आलें. मुलानें इंजिनियर व्हावें अशी वडिलांची इच्छा. परंतु त्याचा ओढा गणिताकडे पाहून १८६२ सालीं त्यांनीं संमति दिली. बर्लिन येथें १८६७ सालीं डॉक्टरेट मिळवून १८६९ पासून कँटर हाले येथील विद्यापीठांत शिकवूं लागले.

१ ची जोडी २ शीं, २ ची ४ शीं, ३ ची ६ शीं, अशा जोड्या लावीत गेल्यास कोणतीहि संख्या एकटी उरत नाहीं. म्हणजे सर्व नैसर्गिक संख्या व केवळ सम संख्या हे दोन्ही समूह समानच! मग सर्वच अनंत समूह समान असावेत असें वाटेल. परंतु तसें नाहीं, हें कँटर यांनीं १८७४ सालीं सिद्ध केलें, व १८९१ सालीं त्याची अधिक सोपी सिद्धता दिली. अनंत दशांश संख्यांची कोणतीहि यादी करा. पहिल्या संख्येचा पहिला अंक बदला, दुसरीचा दुसरा, तिसरीचा तिसरा. बदललेल्या अंकांची जी नवी संख्या होते, ती यादींतील प्रत्येक संख्येहून एका तरी स्थानीं भिन्न असते. म्हणजे एक अनंत दुसऱ्याहून खरोखरच मोठा असतो.

हा विचार पुष्कळांस मानवला नाहीं. कँटर यांचे बर्लिन येथील गुरु क्रोनेकर यांनींच त्यास कडवा विरोध केला. बर्लिनमध्यें अध्यापक होण्याची कँटर यांची इच्छा अपुरीच राहिली. १८८४ सालीं त्यांस मानसिक व्याधि जडली, व ती पुढें वारंवार उलटली. तरीहि १८९० सालीं त्यांनीं जर्मन गणितज्ञांची संस्था स्थापण्यांत पुढाकार घेतला, आणि तिच्या पहिल्या सभेंत भाषण करण्यास क्रोनेकर यांसच निमंत्रण दिलें! १९०४ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांस सिल्व्हेस्टर पदक अर्पण केलें. ६ जानेवारी १९१८ रोजीं हाले येथील रुग्णालयांत त्यांचें देहावसान झालें.

आज संगणकाची आज्ञावली लिहिणारा दोन संचांची तुलना करतो, तेव्हां क्रम व पुनरुक्ति सोडून एकांतील प्रत्येक घटक दुसऱ्यांत आणि दुसऱ्यांतील प्रत्येक पहिल्यांत आहे ना, एवढेंच पाहतो. ह्या संचविचाराचा पाया कँटर यांनीं घातला. विद्यार्थ्यांनीं त्यांची सिद्धता स्वतः कागदावर करून पाहावी. गुरुजनांचा विरोध झाला तरी नीट तपासलेलें सत्य त्यांनीं सोडलें नाहीं आणि विरोधकाविषयींचा आदरहि सोडला नाहीं, हें आम्हांस त्यांच्या गणिताइतकेंच मोलाचें वाटतें.